दिवस उलटूनही प्रसूती नाही आणि गर्भजल अधिक : कारणे, तपासण्या आणि दक्षता

गर्भारपणाचे दिवस उलटून गेले, कळा सुरू झालेल्या नाहीत आणि सोनोग्राफीच्या अहवालात गर्भजल प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे नमूद आहे, अशी स्थिती फार थोड्या स्त्रियांच्या बाबतीत उद्भवते. एरवी दिवस उलटल्यावर गर्भजल कमी होत जाते. त्यामुळे या दोन गोष्टी एकत्र आढळल्यास दिवसांची गणना पुन्हा पडताळणे, गर्भजल वाढण्याचे कारण शोधणे आणि प्रसूती सुसज्ज रुग्णालयातच होईल याची तजवीज करणे आवश्यक ठरते. बहुतांश प्रकरणांत ही वाढ सौम्य असते आणि योग्य देखरेखीखाली माता व बालक सुखरूप राहतात.

गर्भजल का वाढते?

गर्भावस्थेच्या उत्तरार्धात गर्भजल हे मुख्यतः गर्भाच्या मूत्रापासून बनते. गर्भ ते गिळतो आणि अशा रीतीने त्याचे प्रमाण संतुलित राहते. साधारणतः ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास ते ८०० मिलिलिटर ते १ लिटरपर्यंत पोहोचते व त्यानंतर घटू लागते.

मूत्र अधिक तयार झाल्यास किंवा गिळण्याच्या क्रियेत अडथळा आल्यास हे संतुलन बिघडते. मातेच्या रक्तातील साखर वाढली की गर्भाच्या रक्तातील साखरही वाढते आणि त्याला लघवी अधिक होते. गर्भाची अन्ननलिका किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जन्मतः बंद असणे, मज्जासंस्थेतील दोष, गर्भातील रक्ताल्पता, काही जंतुसंसर्ग आणि एकच वार असलेली जुळी ही अन्य कारणे होत. मात्र निम्म्याहून अधिक प्रकरणांत, विशेषतः सौम्य वाढीच्या बाबतीत, कोणतेही कारण सापडत नाही. मातेने अधिक पाणी प्यायल्यामुळे हा विकार उद्भवत नाही.

दिवस खरोखरच उलटले आहेत काय?

शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, अशी प्रसूतीची अपेक्षित तारीख काढली जाते. ४२ आठवडे पूर्ण झाल्यास गर्भावस्था मुदतीबाहेर गेली असे वैद्यकशास्त्र मानते. गर्भजल अधिक असल्यास पोट दिवसांच्या मानाने मोठे दिसते. त्यामुळे केवळ पोटाच्या आकारावरून दिवस ठरविल्यास, ते प्रत्यक्षात उलटलेले नसतानाही उलटल्याचा समज होऊ शकतो. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख सर्वाधिक विश्वसनीय असते. अखेरच्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत तीन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो. बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या स्त्रियांनी सुरुवातीचे सर्व अहवाल सोबत नेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मोजमाप आणि तपासण्या

सोनोग्राफीत गर्भाशयाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागातील गर्भजलाची खोली मोजली जाते. चारही मापांची बेरीज २४ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा सर्वांत खोल एका जागेचे माप ८ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास गर्भजल अधिक मानले जाते. बेरीज ३० पर्यंत असल्यास वाढ सौम्य, ३० ते ३५ मध्यम आणि ३५ किंवा त्यापुढे तीव्र समजली जाते.

यानंतर गर्भाच्या अवयवांची सविस्तर पाहणी, मातेचा रक्तगट व प्रतिपिंडे आणि रक्तातील साखर यांची तपासणी करण्यात येते. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास गर्भावस्थेतील मधुमेहाचे निदान केले जाते. पूर्वीची तपासणी सामान्य असली, तरी गर्भजल वाढल्याचे आढळल्यावर साखर पुन्हा तपासणे हितावह असते.

प्रसूती केव्हा?

गर्भजलाची वाढ सौम्य आणि कारणाविना असल्यास केवळ त्यासाठी ३९ आठवड्यांपूर्वी कृत्रिम रीतीने कळा आणू नयेत, अशी शिफारस अमेरिकेतील माता-गर्भ वैद्यक संस्थेने २०१८ मध्ये केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झालेल्या स्त्रियांना कळा आणण्याची शिफारस कायम ठेवली. त्यामुळे दिवस उलटल्याची खात्री झाल्यावर अधिक प्रतीक्षा करण्यात लाभ नसतो. मधुमेह, बाळाचे अधिक वजन किंवा गर्भजलाची तीव्र वाढ असल्यास निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो.

सुईद्वारे गर्भजल काढण्याचा उपाय मातेला श्वास घेणे कठीण झाल्यास क्वचित केला जातो. मूत्रल गोळ्या, मीठ बंद करणे किंवा पाणी कमी पिणे यांनी गर्भजल घटत नाही. उलट मातेला अपाय होण्याची शक्यता असते.

मुख्य धोका : पाणी एकदम जाणे

गर्भजल अधिक असल्यास गर्भ गर्भाशयात सहज फिरतो आणि आडवा किंवा पायाळू राहू शकतो. अशा वेळी पाण्याची पिशवी एकाएकी फुटल्यास पाण्याच्या लोंढ्यासोबत नाळ खाली सरकते व दाबली जाऊन बाळाचा प्राणवायू तुटतो. गर्भाशय अचानक आकुंचन पावल्याने वार वेळेआधी सुटण्याचाही धोका असतो. म्हणून रुग्णालयात बाळाचे डोके खाली आहे याची खात्री करून, शस्त्रक्रियेची सिद्धता ठेवून, पाणी सावकाश काढले जाते.

अति ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकुंचन न पावल्यास मोठा रक्तस्राव होतो. तो टाळण्यासाठी बाळ जन्मताच ऑक्सिटोसिन देण्यात येते. रक्ताची सोय आधीच करून ठेवणे इष्ट असते.

घरी घ्यावयाची काळजी

रुग्णालयात दाखल होईपर्यंत कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर, पाठीशी उशा घेऊन झोपावे. एकाच वेळी भरपेट न जेवता थोडे थोडे खावे. प्रवास टाळावा व वाहनाची व्यवस्था आधीच करून ठेवावी. पुढीलपैकी काहीही घडल्यास त्वरित रुग्णालय गाठावे :

- पाणी जाणे, मग ते थोडे असो वा अधिक. हिरवट रंगाचे असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे
- बाळाची हालचाल मंदावणे
- रक्तस्राव किंवा पोटात सतत तीव्र वेदना
- धाप लागणे, तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टी अंधुक होणे

योनीमार्गात नाळ दिसल्यास ती आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. मातेने गुडघे व छाती टेकवून कंबर उंच ठेवावी आणि विनाविलंब रुग्णवाहिका बोलवावी.

जन्मानंतर

पहिले दूध पाजण्यापूर्वी बाळाची अन्ननलिका खुली असल्याची तपासणी मऊ नळी घालून करावी, अशी विनंती डॉक्टरांना अवश्य करावी. तोंडाला सतत फेस येणे किंवा दूध पिताना बाळ गुदमरणे ही धोक्याची लक्षणे होत. मातेला मधुमेह असल्यास बाळाची साखर वारंवार तपासली जाते.

शासकीय सुविधा

२०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सार्वजनिक रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहतूक विनामूल्य उपलब्ध आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते. गावातील आशा कार्यकर्तीशी आधीच संपर्क साधल्यास, रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे ठरवून ठेवता येते. ही निवड पाणी जाण्यापूर्वीच झालेली असणे, हीच या स्थितीतील सर्वांत मोठी सुरक्षितता होय.