कुलूप आणि कुलूप उघडणारा



गेल्या भाद्रपदांतील गोष्ट आहे. चार महिने मुंबईस मुलाकडे काढून मी गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधीं हर्ण्यास परतलों. दाराशीं आलों, किल्ली काढली, कुलुपांत घातली. ती अर्धी शिरली आणि तेथेंच थांबली. खोबरेल घातलें, रॉकेल घातलें, शेवटीं दगडानें दोन ठोके मारून पाहिले. कुलुपानें दाद दिली नाहीं. अखेर दापोलीच्या बाजारांत बसणाऱ्या एका किल्लीवाल्यास निरोप धाडावा लागला. तो आला, आणि कुलुपाला हात लावण्यापूर्वीं त्यानें माझ्याच ओटीवर मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचा मला प्रथम राग आला. पुढें कित्येक दिवस तो मनांतून जाईना, म्हणून कुलुपांविषयीं जें कांहीं वाचलें व पाहिलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

कोंकणांतील जुन्या घरांना कुलुपाची फारशी गरज नसे. दाराला आंतून आगळ असे, म्हणजे भिंतींतल्या भोकांतून सरकणारा जाड लांकडी दांडा. आगळ आंतल्या माणसाच्या भरंवशावर चालते. घरांत कोणी म्हातारें माणूस, कोणी बाळंतीण, कोणी ना कोणी असावयाचेंच. सगळें घर एकदम बाहेर पडलें असें वर्षांतून क्वचित् घडे. कुलूप हें घर सोडून जाणाऱ्याचें साधन आहे. त्याचीं नांवें देखील आपल्याकडे दूरदूरच्या वाटांनीं आलीं. 'कुलूप' हें अरबी 'कुफ्ल' या शब्दाचें मराठी जिभेवर अक्षरें उलटलेलें रूप. 'चावी' पोर्तुगीजांनीं दिली. 'टाळें' तेवढें संस्कृत 'तालक' शब्दाच्या वंशांतलें.

उघडण्याची विद्या मात्र लावण्याच्या विद्येइतकीच जुनी दिसते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकांतला शर्विलक चोरी करावयास निघतो, मापाची दोरी विसरतो आणि गळ्यांतलें जानवेंच कामास लावतो. घट्ट बसविलेलीं दारें उघडण्यासही ब्राह्मणाला जानवें मोठें उपयोगी, असें तो रंगभूमीवर उभा राहून बजावतो. देवलांच्या संगीत रूपांतरामुळें हा शर्विलक मराठी प्रेक्षकांच्या चांगला ओळखीचा आहे.

आमच्या गांवासमोर समुद्रांत सुवर्णदुर्ग आहे. मराठ्यांच्या किल्ल्यांवर दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यांत असत आणि सायंकाळीं कुलुपें स्वतः ओढून पाहणें हें त्याचें काम असे. परंतु त्याच्या बरोबरीच्या दर्जाचे सबनीस व सरनोबत हेही गडावर असत, कीं एका माणसाच्या हातीं सारा गड राहूं नये. इंग्रजी अमदानींत सरकारी खजिन्याला दोन कुलुपें लावून त्यांच्या किल्ल्या दोन निराळ्या अंमलदारांकडे देत, त्यांतली युक्ति हीच. (सुवर्णदुर्ग १७५५ सालीं कमोडोर जेम्सनें घेतला तो तोफा डागून, तेथें किल्लीचा प्रश्न आला नाहीं!)

कुलुपाचें शास्त्र खरें वाढलें तें विलायतेंत, आणि तेंही चोरांच्या कृपेनें. १८१७ सालीं पोर्टस्मथच्या सरकारी गोदींत बनावट किल्ल्यांनीं चोरी झाली. आपल्या किल्लीवांचून न उघडणारें कुलूप करील त्यास सरकारनें बक्षीस लाविलें. पुढल्याच वर्षीं जेरेमाया चब यानें तें केलें. त्याची खुबी अशी कीं, परकी किल्ली फिरविली तर आंतली एक तरफ वर अडकून बसे; आणि मागाहून मालकानें आपली किल्ली घातली म्हणजे कोणी तरी येथें हात घालून गेलें हें त्यास तत्काळ कळे. परीक्षेसाठीं तें कुलूप एका कैद्यास देण्यांत आलें. तो मूळचा कुलुपांचाच कारागीर होता आणि उघडल्यास शिक्षेची माफी होती. आठवड्यांमागून आठवडे खटपट करून त्यानें हात टेकले.

त्याहून मौज ब्रामाच्या कुलुपाची. जोसेफ ब्रामानें १७८४ सालीं आपल्या कुलुपाचें पेटंट घेतलें. त्याचा एक नमुना लंडनमधील दुकानाच्या खिडकींत मांडलेला असे आणि उघडून दाखविणारास दोनशें गिनी देऊं अशी पाटी त्याबरोबर असे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ती पाटी तशीच राहिली. १८५१ सालीं लंडनच्या मोठ्या प्रदर्शनास हॉब्ज नांवाचा अमेरिकन कारागीर आला. त्यानें चबचें कुलूप अर्ध्या तासाच्या आंत उघडलें आणि ब्रामाच्या कुलुपाला सोळा दिवसांत मिळून एक्कावन तास खर्चून तेंही उघडलें. बक्षीस त्याला मिळालें, पण लोकांची झोप उडाली. हें ज्ञान असें चव्हाट्यावर आणावें काय, यावर मोठा वाद माजला. हॉब्जच्या बाजूच्या लोकांचें म्हणणें असें कीं, चोरांना हें सर्व आधींच ठाऊक आहे. ठाऊक नाहीं तें केवळ पैसे मोजून कुलूप विकत घेणाऱ्या भल्या माणसाला. मला हें म्हणणें पटतें. मात्र त्या वादांत एका माणसाचा कोणीच विचार केला नव्हता, आणि तो म्हणजे रोज दारोदार कुलुपें उघडून पोट भरणारा कारागीर.

आपल्याकडे उत्तरेंत अलीगढ कुलुपांसाठीं नांवाजलें. मुंबईस आर्देशीर गोदरेज यांनीं वकिली सोडून १८९७ सालीं लालबागेंत एका लहानशा शेडमध्यें कुलुपांचा कारखाना काढला. आसपासच्या गिरण्यांत आमच्या कोंकणांतलीं माणसें राबत. गांवचें घर बंद करून मुंबईस गेलेला चाकरमानी आणि त्याच्या घराला लावावयाचें कुलूप हीं दोन्हीं एकाच वस्तींत असावीं हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. तेव्हां हर्णे बंदराला आगबोटी लागत. ट्रंका, पत्र्याचे डबे यांच्याबरोबर मुंबईचीं कुलुपेंही पडावांतून किनाऱ्यावर उतरत. साध्या तरफांच्या कुलुपांत प्रत्येक तरफेवर एक बारीक स्प्रिंग दाब धरून असते. खाऱ्या हवेंत पहिला बळी तिचाच. गोदरेजांनीं पुढें स्प्रिंगेवांचून चालणारें कुलूप काढून त्याचें पेटंट घेतलें. समुद्रकांठच्या माणसाला त्याचें मोल निराळें सांगावयास नको. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं लाखों मतपेट्या याच कारखान्यानें विक्रोळीस तयार केल्या.

कुलूप असें बाहेरून आलें, पण अडलें म्हणजे माणूस गांवांतलाच लागे. माझ्या लहानपणीं वडिलांची किल्ली एकदां विहिरींत पडली. लोहार आला, त्यानें कुलुपाकडे पाहिलेंही नाहीं. छिन्नीनें कोयंडा तोडला, आणि संध्याकाळपर्यंत नवा कोयंडा ठोकून दिला. कुलूप शाबूत राहिलें. त्याच्या मोबदल्यांत त्याला तांदूळ दिल्याचें मला आठवतें. त्यानें कोणाला कांहीं विचारलें नाहीं, कारण विचारण्यासारखें कांहीं नव्हतें. घर कोणाचें हें त्याच्या आजालाही ठाऊक होतें.

दापोलीहून आलेला किल्लीवाला निराळ्या परंपरेंतला, शिकलगारांच्या घराण्यांतला. शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना पाणी व धार देणारे. मराठेशाही गेली, १८७८ चा हत्यारांचा कायदा आला, तरवारी खुंटीला लागल्या. तशीं हीं घराणीं चाकू, कात्र्या, अडकित्ते आणि किल्ल्या यांकडे वळलीं. कानस तीच राहिली, गिऱ्हाईक बदललें.

आतां त्याचा प्रश्न. सायकल भिंतीला टेकवून तो ओटीवर चढला आणि म्हणाला, "गुरुजी, रागावूं नका. पण हें घर तुमचंच, असं सांगणारं शेजारचं कोणी आहे का?"

पस्तीस वर्षें या गांवांत शिकविलें, आणि माझ्याच उंबऱ्याशीं मी साक्षीदार आणावा! मीं कांहीं तरी तिखट बोलणार होतों. तेवढ्यांत शेजारच्या वहिनी कुंपणाशीं आल्या. "अहो, हे आमचे गुरुजी. माझ्या दोन्ही मुलग्यांना यांनींच शिकवलंय," असें त्या म्हणाल्या. तेवढें त्याला पुरलें. तो खालीं बसला.

राग ओसरला तो मला मुंबईची आठवण झाली म्हणून. उन्हाळ्यांत मुलाच्या बिऱ्हाडाचें दार वाऱ्यानें ओढलें गेलें आणि त्याचें आपोआप लागणारें कुलूप लागलें. किल्ली आंत, मी बाहेर, मुलगा व सून कामावर. जिन्यांत चिकटविलेल्या एका कागदावरच्या क्रमांकावरून माणूस बोलाविला. येण्यापूर्वीं त्यानें जी मजुरी सांगितली, तिच्या चौपट काम झाल्यावर मागितली, आणि कुलुपाला भोंक पाडलें तें निराळेंच. पण दहा मिनिटांत दार उघडलें, याचा त्या वेळीं मला आनंदच झाला. त्यानें मी कोण, घर कोणाचें, हें विचारलें नव्हतें, ही गोष्ट रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ध्यानांत आली. माझ्याजवळ कागद नव्हता, शेजारचें एकही दार उघडलें नव्हतें. माझ्या जागीं दुसरा कोणी म्हातारा उभा असता तर? त्या रात्रीं मला झोप लागली नाहीं. मुलानें दुसऱ्या दिवशीं नवें कुलूप बसविलें.

हर्ण्याचें कुलूप उघडावयास पाऊण तास लागला. आंतल्या दोन स्प्रिंगा गंजून तुकडे झाल्या होत्या. त्यानें ते तळहातावर ओतून दाखविले. माणूस आलाच आहे म्हणून मीं माजघरांतली वडिलांची लोखंडी पेटी पुढें केली. तिची किल्ली हरवून बरींच वर्षें झालीं होतीं. तेव्हां त्याची कला पाहावयास मिळाली. कोरी किल्ली दिव्यावर धरून त्यानें तिच्यावर काजळी धरविली, हलकेच आंत घालून फिरविली, बाहेर काढली. तरफा जेथें लागल्या तेथें काजळी पुसली गेली होती. तेवढाच भाग कानशीनें घासला. पुन्हां काजळी, पुन्हां कानस. दोन किल्ल्या फुकट गेल्या, तिसरी फिरली. पेटींत जुन्या पावत्या आणि आईचा एक चष्मा निघाला.

मीं त्याला मजुरी दिली. त्यानें ठरल्याहून अधिक घेतली नाहीं. निघण्यापूर्वीं फुकट गेलेल्या त्या दोन किल्ल्या त्यानें चिमट्यांत धरून मोडल्या.

"त्या कशाला मोडल्यास? तशाही लागत नाहींत ना?" मीं विचारलें.

"जवळजवळ लागतात, गुरुजी," तो म्हणाला, आणि चारही तुकडे माझ्या हातांत ठेवून सायकलीवर बसला.