कर्करोगाची खानेसुमारी

रुग्णालयाच्या दारांतील गर्दीवरून रोगाचें प्रमाण ठरविणें म्हणजे बाजारांत आलेल्या धान्यावरून शेताचें पीक मोजणें होय. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील वह्यांत रोगी सांपडत, परंतु ते किती लोकसंख्येपैकीं, हें कळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठीं डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानें इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ सालीं मुंबईची कर्करोग-नोंदवही सुरू केली. लोकसंख्येच्या आधारावर चालणारी भारतांतील ही पहिलीच. तिचे कारकून रुग्णालयें हिंडून नोंदी उतरून आणीत, त्या मृत्युनोंदींशीं ताडीत, आणि एकच रोगी दोनदां आला असल्यास एक नोंद खोडीत.

ह्यांत सर्वांत मोलाचा प्रश्न अगदीं साधा : राहतां कोठें, आणि केव्हांपासून? निदान वर्षभर मुंबईंत राहिलेलाच मुंबईच्या हिशेबांत धरावयाचा. त्यामुळें ठाण्याचा किंवा डोंबिवलीचा गृहस्थ लोकलनें परळास येऊन उपचार घेई, तरी त्या प्रमाणांत त्याची गणना नसे. त्यानें सोयीखातर दादरच्या मेहुण्याचा पत्ता दिला (आपल्यांत हें कितीदां होतें!) तर मुंबईचा आंकडा फुगे आणि त्याच्या गांवचा रोग झांकला जाई.

उसना आंकडा किती फसवितो हें बार्शीनें दाखविलें. तेथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण नोंदवही निघाली. मुंबईच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आघाडीस, तर बार्शीकडे गर्भाशयमुखाचा! दोहोंचा प्रतिबंध निराळा. उस्मानाबाद जिल्ह्यांतील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या पाहणींत, एकदांच केलेल्या विषाणु-तपासणीनेंही ह्या दुसऱ्या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यावर येतात, असें २००९ सालीं सिद्ध झालें. ठाणें जिल्ह्यांत तर डोंबिवलीही आहे आणि मुरबाडही. आमच्या मतें तेथें मुंबईचा आंकडा चालणार नाहीं, बार्शीचाही नाहीं.