फोटोतली शाल काय सांगते?

आज आपण एक जुना फोटो बघणार आहोत. रेडिओवर तो दिसायचा नाही, म्हणून आम्ही शब्दांत सांगतो.

फोटो अमेरिकेतला, १८६४ सालचा. तळहातावर मावेल एवढाच. साठी ओलांडलेली एक काळी बाई खुर्चीत बसली आहे. अंगात गडद झगा, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यांवरून पुढे घेतलेली फिकट शाल, हातात विणकाम. तिचं नाव सोजर्नर ट्रूथ.

ती जन्माने गुलाम. १८२६ साली तान्ह्या लेकीला घेऊन मालकाच्या घरून निघाली. दूर विकलेला मुलगा कोर्टात जाऊन परत मिळवला. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी गुलामीविरुद्ध गावोगाव भाषणं केली. पोटासाठी आणि कामासाठी ती हे फोटो विकायची. फोटोचा हक्कही तिने स्वतःच्या नावावर नोंदवला होता.

त्या काळात गुलामांच्या पाठीवरचे वळ दाखवणारे फोटोही निघत. हिने मात्र नीटनेटकी शाल घेतली, हातात सुया धरल्या. जगाने आपल्याला कसं बघावं, हे तिनेच ठरवलं.

आता ती शाल पांढरीच होती का? तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर निळा रंग फिका उमटायचा, लाल आणि पिवळा काळपट. म्हणजे पांढरी दिसणारी शाल फिकी निळी असू शकते आणि काळी दिसणारी लालभडक. म्हणून जुन्या फोटोतली शाल ओळखताना रंगावर जाऊ नये. काठ बघावा, झालर बघावी, वीण आणि नक्षी बघावी.

तरी नुसत्या फोटोने ओळख पक्की होत नाही. गुलामांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमनला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने रेशमी जाळीची शाल भेट दिली होती. ती आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. टबमनच्या घराण्यातल्या एका बाईने ती शेवटपर्यंत जपली आणि मग इतिहासाच्या अभ्यासकाकडे सोपवली. वस्तूबरोबर तिची हकिगतही टिकली, म्हणून शाल कुणाची ते आज सांगता येतं.

सख्यांनो, आपल्या पेटीतही आजीचा एखादा फोटो असेल. अंगावर शाल असेल, नाहीतर इरकली लुगडं. रंग सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा: नाव, गाव, साल, लुगड्याचा रंग. नाहीतर दोन पिढ्यांनी ती नुसती ‘कुणीतरी बाई’ उरेल.