थोल : सोसणं आणि तोलणं

‘थोल’ हे जुनं इंग्रजी क्रियापद. अर्थ : तक्रार न करता सोसणं. प्रमाण इंग्रजीतून ते कधीच मागे पडलं, पण स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडच्या खेड्यांत बोलण्यात टिकून राहिलं. कवी शेमस हीनी यांच्या घरातली वडीलधारी माणसं ते सहज वापरत. पुढे ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्याचा अभ्यास करताना शब्दसूचीत त्यांना ‘थोलियन’ भेटलं. आपल्या काकूच्या तोंडचा गावठी शब्द हजार वर्षांपूर्वीच्या काव्यात! परक्या वाटणाऱ्या त्या ग्रंथात त्यांना घरचं दार सापडलं. 1999 साली आलेल्या आपल्या अनुवादात, राजाविना दिवस काढलेल्या डेन लोकांचे हाल सांगताना, त्यांनी नेमकं हेच क्रियापद योजलं. मला तो अनुवादातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

या शब्दाचं मूळ मात्र आणखी खोल आहे. उचलणं, पेलणं या अर्थाचा एक आदिम भारोपीय धातू आहे. त्यातूनच लॅटिनमधलं ‘तोलेरारे’ आलं, इंग्रजीतलं ‘टॉलरेट’ आलं आणि संस्कृतातली ‘तुला’सुद्धा. म्हणजे वाण्याच्या तागडीतलं आपलं ‘तोलणं’ हे त्या आयरिश काकूच्या ‘थोल’चं दूरचं भावंड.