वाटेवरचे धान्य

बंगळूरहून देवनहळ्ळीच्या वाटेला लागले, की येलहंका लागते. येथल्याच केंपेगौडांनी बंगळूर वसविले आणि 1638 साली ते विजापूरकरांनी जिंकल्यावर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. आज सांगावयाची गोष्ट लढाईची आहे खरी. पण तिचा नायक शिपाई नसून धान्याची गोणी आहे.

मार्च 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपूकडून बंगळूरचा किल्ला घेतला आणि महिनाअखेर तो याच बाजूस, देवनहळ्ळीकडे वळला. निजामाचे सुमारे दहा हजार घोडेस्वार त्याला मिळावयाचे होते. ते मिळाले, पण लढण्यात त्यांचा उपयोग थोडा आणि खाण्यात फार. टिपूने तर वाटेवरची दाणावैरण जाळण्याचा सपाटा लावलेला. कोठार सांभाळणाऱ्यापुढे नेहमी हेच दोन प्रश्न असतात : उद्या किती लागेल, आणि ते कोणत्या भावाने मिळेल? उत्तरे ठाऊक नसली, तरी धान्य आजच भरावे लागते. कमी भरले तर उपासमार. जास्त भरावे, तर ते वाहणारा बैलही वैरण मागतो.

मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणावर चालून गेला. 15 मे रोजी त्याने लढाई जिंकली. पण बैल मरून पडत होते आणि तांदूळ संपत आला होता. अखेर मोठ्या तोफा स्वतःच निकामी करून त्याने माघार घेतली. 26 मे रोजी वाटेत घोडेस्वार दिसले. इंग्रजांना प्रथम ते शत्रूच वाटले. निघाले मात्र हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेचे! मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होते. भाव कडक होता, पण माल होता. व्यापाऱ्याने वाटेतली जोखीम आपल्या शिरावर घेतली होती. चढा भाव हे त्या जोखमीचे मोल.

मराठे इतके जवळ आल्याचा पत्ता कॉर्नवॉलिसला नव्हता, कारण टिपूच्या स्वारांनी जासूद वाटेतच अडविले होते. म्हणजे धान्याइतकाच तुटवडा बातमीचा होता.

कॉर्नवॉलिसने धडा घेतला. त्याच वर्षी नंदीदुर्ग व सावनदुर्ग घेऊन त्याने वाटा मोकळ्या केल्या, वंजाऱ्यांचे तांडे हाताशी धरले आणि फेब्रुवारी 1792 मध्ये पुन्हा श्रीरंगपट्टण गाठले. मार्चमध्ये टिपूला अर्धे राज्य सोडावे लागले.

एका वेळी किती माल मागवावा, याचे सूत्र हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 साली मांडले. पुढे अनिश्चित मागणीचेही गणित झाले. ते उपयोगाचे आहेच. पण त्याला बातमी ताजी पुरवावी लागते. माझ्यासारख्या सरकारी नोकराच्या टेबलावर साठ्यांचे तक्ते येतात. मी आकडा नंतर वाचतो. तारीख आधी पाहतो.