निनांवी नाण्यांचा खटला

पेढीवरील कीर्द-खतावणी परक्यानें पाहूं नये, हा व्यापारांतील जुना दंडक. २००९ सालीं प्रचारांत आलेल्या बिटकॉइन या आंकडेरूपी चलनानें तो उलटा केला. त्याची खातेवही जगांतील कोणासही वाचतां येते. तींत धन्याचें नांव नसतें, केवळ सांकेतिक पत्ता असतो. परंतु त्या पत्त्याचा धनी एकदां कळला कीं त्यावरील सारे व्यवहार उघडे पडतात.

यावर तोड म्हणून मिश्रणसेवा, म्हणजे 'मिक्सर', निघाल्या. अनेकांनीं आपलीं नाणीं एका हौदांत टाकावयाचीं आणि तितकींच नाणीं नव्या पत्त्यावर काढून घ्यावयाचीं. मग कोणाचें नाणें कोठें गेलें, हें वहीवरून ताडणें अवघड होतें. या कल्पनेचें मूळ डेव्हिड चॉम यांच्या १९८१ च्या निबंधांत आहे. त्यांत विद्युत्-टपालाचा माग लागूं न देण्याची युक्ति सांगितली होती.

२०१९ सालीं इथेरियम या चलनासाठीं निघालेली 'टोर्नेडो कॅश' ही सेवा विशेष गाजली. पुढें तिच्या हौदांची किल्ली कर्त्यांनींही आपणांजवळ ठेविली नाहीं. लिहून ठेवलेल्या नियमांप्रमाणें तें यंत्र आपोआप चालूं लागलें. ८ ऑगस्ट २०२२ रोजीं अमेरिकेच्या अर्थखात्यानें तिच्यावर निर्बंध घातले. तिच्यांतून ७ अब्ज डॉलरांहून अधिक काळा पैसा पांढरा झाला, असा सरकारचा आरोप होता. उत्तर कोरियाच्या 'लॅझरस' टोळीची लूटही तींतून गेली होती, ही गोष्ट खोटी नव्हती. पण त्याच महिन्यांत इथेरियमचे जनक व्हिटालिक ब्यूटेरिन यांनीं जाहीर केलें कीं, युक्रेनला देणगी देतांना आपणही हाच पडदा वापरला होता.

मे २०२४ मध्यें नेदरलंड्सच्या न्यायालयानें अलेक्सी पेर्त्सेव्ह या कर्त्यास ५ वर्षें ४ महिन्यांची कैद सुनावली. उलट नोव्हेंबरांत अमेरिकेंतील एका अपील कोर्टानें ठरविलें कीं, जें यंत्र कोणाच्या ताब्यांत नाहीं व कोणास बदलतां येत नाहीं, तें कोणाची मालमत्ता नव्हे. म्हणून त्यावर निर्बंध घालण्याचा अर्थखात्यास अधिकार नाहीं. मार्च २०२५ मध्यें निर्बंध उठले. ऑगस्टांत मात्र न्यूयॉर्कच्या ज्यूरीनें रोमन स्टॉर्म या दुसऱ्या कर्त्यास विनापरवाना पैसे पोंचविण्याच्या कटाबद्दल दोषी धरलें. काळा पैसा पांढरा करण्याच्या आरोपावर तिचें एकमत झालें नाहीं.

यंत्र सुटलें आणि कारागीर अडकले. पत्रास लिफाफा असावा, हें सुसंस्कृत राज्यें मान्य करितात. खंडणीची चिठ्ठीही त्यांतूनच जाते म्हणून लिफाफे बंद करीत नाहींत. पैशासही तसा लिफाफा असावा काय, आणि तो करणाऱ्यानें आंतील मजकुराची हमी द्यावी काय, या प्रश्नावर न्यायासनांचें उत्तर एक निघालें नाहीं.