सापाचे डोलणे : टोपली, काचपेटी आणि आर्णीची कपाशी

१/ गारुड्याच्या पुंगीपुढे नाग डोलतो, तो सुरांना भुलून नव्हे. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर रोखून तो बचावाचा पवित्रा घेत असतो. पाळलेल्या सापांत मात्र आणखी एक डोलणे आढळते. डोके थरथरते, मान मागे वळून नजर वर लागते, उताणा पडलेला साप पुन्हा सरळ होऊ शकत नाही. ही मज्जासंस्था बिघडल्याची लक्षणे होत. त्यांची कारणे शोधू लागले की वाटेत महाराष्ट्राचा बराच इतिहास लागतो आणि ती वाट यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीपर्यंत जाते. त्याचा हा धागा.

२/ प्रारंभ टोपलीपासून. नाग हाताळता यावा म्हणून त्याचे विषदंत उपटले जात, काही वेळा विषग्रंथीही काढल्या जात. विषदंत पुन्हा उगवतात, त्यामुळे ही क्रिया वारंवार होई. तोंडातील जखमा चिघळत, जबड्यात पू होई आणि साप भक्ष्य घेईनासा होई. पाण्यावाचून ठेवलेला तहानेला साप समोर आलेले दूध पिई, आणि त्याला ‘नाग दूध पितो’ असा श्रद्धेचा आधार मिळे. वास्तविक दूध त्याला पचत नाही. ते फुप्फुसात गेल्यास तो दगावूही शकतो. अशा सापाचे मलूल होणे हा त्याचा स्वभाव मानला गेला. तो आजार असू शकतो, हा विचारच फारसा झाला नाही.

३/ सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी ही या परंपरेची दुसरी बाजू. येथे पंचमीपूर्वी नाग पकडून मडक्यांत ठेवले जात, जिवंत नागांची पूजा व मिरवणूक होई आणि नंतर त्यांना पुन्हा रानात सोडले जाई. शिराळकरांच्या मनात नागाविषयी आदर होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि बंदिवास, गर्दी आणि हाताळणीचा ताण सापाच्या शरीरावर होतच असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या या प्रथेवर बंधने आली.

४/ त्या आदेशांच्या मुळाशी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. त्याने देशी साप पकडणे व बाळगणे अवैध ठरवले. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या साप खेळवणाऱ्या कुटुंबांचा व्यवसायही गेला. तमिळनाडूतील इरुला जमातीला १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेने वेगळा मार्ग दिला : साप काही आठवडे ठेवायचा, औषधनिर्मितीसाठी त्याचे विष काढायचे आणि मग त्याला रानात सोडायचे. बहुतेक गारुड्यांच्या वाट्याला असा पर्याय आला नाही.

५/ टोपली गेली. काही शहरी घरांत काचपेटी आली. तिच्यात नाग नसतो, परदेशी अजगर असतात. त्यांत आफ्रिकेतील बॉल पायथन विशेष लोकप्रिय. त्याचा ‘स्पायडर’ नावाचा नक्षीदार प्रकार १९९९ मध्ये अमेरिकेत पैदाशीतून पुढे आला. या सापांचे डोके जन्मापासूनच डुलते. तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाची रचनाच त्यांच्यात सदोष असते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. माणसाला आवडलेल्या नक्षीसोबत हा दोषही पिढ्यान्‌पिढ्या वाढवला गेला.

६/ दुसरे कारण विषाणूचे. १९७० च्या दशकापासून बोआ व अजगरांत एक जीवघेणा आजार नोंदवला जात होता : अन्न उलटणे, तोल जाणे, नजर वर लागणे. पेशींमध्ये दिसणाऱ्या गोळ्यांवरून त्याला ‘इन्क्लूजन बॉडी डिसीज’ हे नाव पडले. त्यामागे अरेना कुळातील विषाणू असल्याचा पुरावा २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी पुढे आणला. याखेरीज केवळ विशिष्ट कच्च्या मासळीवर ठेवलेल्या सापांत ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव होऊनही झटके येतात. पेटी प्रमाणाबाहेर तापली तरी मेंदूला इजा होते.

७/ तिसरे कारण उपचारातच दडलेले असते. पाळीव सापांना रक्त शोषणारे माइट, म्हणजे बारीक कोळीवर्गीय जीव, लागतात. ते मारण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डायक्लोरव्हॉस भरलेल्या पट्ट्या पेटीत टांगण्याची पद्धत रूढ झाली. हे औषध ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातले. मात्रा चुकली की माइटसोबत सापही थरथरू लागतो.

८/ या कुळाचा इतिहास भीषण आहे. १९३६ मध्ये गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत असताना त्याच्या हाती टाबुन हा मज्जाघातक वायू लागला. युद्धातील वायू आणि शेतातील औषध एकाच संशोधनातून वाढले. दोहोंचे कार्यही एकच. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचला की एक विकर, ॲसिटिलकोलिनेस्टरेज, तो संदेश थांबवते. हे विकर बंद पडले की संदेश थांबतच नाही. मग थरथर, लाळ, झटके आणि अखेरीस श्वास बंद. हे विकर कीटकात आहे, सापात आहे, माणसातही आहे.

९/ हेच रसायनकुळ आर्णीच्या शिवारातही होते. अरुणावतीकाठचा हा तालुका कपाशीचा. २०१७ च्या पावसाळ्यात आर्णीसह यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. जिल्ह्यात २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. वापरलेल्या मिश्रणांत मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेटही होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, तोंडाला जेमतेम एखादे फडके, आणि मजुरी दिवसाची. शासनाने नेमलेल्या विशेष तपास पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली.

१०/ नागपंचमीला जमिनीत नांगर घालू नये, हा संकेत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. बिळातल्या नागाला इजा होऊ नये, ही त्यामागची भावना. फवारणीच्या पंपासाठी असा कोणताही संकेत घडला नाही. पंप परंपरेहून फार तरुण आहे आणि त्याचे विष डोळ्यांना दिसत नाही.

११/ म्हणूनच थरथरणारा साप समोर आला की जाणकार पशुवैद्य आधी त्याचा पूर्वेतिहास विचारतो : तो कोणत्या पैदाशीतला, काय खातो, पेटी किती तापते, घरात कोणते औषध फवारले? यवतमाळच्या रुग्णांसाठीही निर्णायक प्रश्न तोच होता : कोणते औषध, किती वेळ? बाटलीवरचे नाव ठाऊक नसेल, तर उतारा ठरवताना डॉक्टरांना अंदाजावर चालावे लागते. नोंद ठेवण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला असते. फवारणीला जाणाऱ्या मजुराच्या हाती ती नोंद कोणी दिली पाहिजे, हा प्रश्न आजही उभा आहे.

(धागा समाप्त)